पिशवी गेली, आजार राहिला

दिवाळीच्या आगेमागे अहमदपूरच्या डोंगराळ भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोपीवर, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीवर, न्हाणी नाही, संडास नाही, पुरेसं पाणी नाही. बाई अंगावरून पांढरं जाणं महिनोन् महिने सोसते. मग कुणीतरी सांगतं, ‘पिशवी खराब झालीय, काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल.’

वस्तुस्थिती वेगळी आहे. थोडा पांढरा स्राव निसर्गतःच असतो. खाज, दुर्गंधी किंवा दह्यासारखं जाणं म्हणजे बहुधा योनिमार्गाचा संसर्ग, आणि तो गोळ्यांनी बरा होतो. गर्भाशय काढून योनीतला संसर्ग जात नाही. तरीही शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. सगळ्याच शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या असं नाही. पण आकडा पाहून पोटात गोळा येतो.

यातला बुरशीचा संसर्ग शरीरसंबंधाशिवायही होतो. त्यामुळे ‘कुठून आणलंस?’ हा सासरचा सवालच चुकीचा.

‘लैंगिक आजार म्हणजे बाहेरख्याली लोकांचे रोग’ हा आणखी एक समज. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासात ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. सगळेच आजार संबंधांतून आलेले नव्हते. पण आधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. एकनिष्ठ बायकोलाही नवऱ्याकडून लागण होते.

पुरुषाला लघवीला जळजळ झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणून धन्याचं पाणी सुरू होतं. पाणी कमी पडल्यानेही जळजळ होते, खरं. पण पू येत असेल तर तो परमा (गनोरिया) असू शकतो. बायकांमध्ये तो बहुतेक वेळा लक्षणं दाखवत नाही, आणि उपचार झाला नाही तर गर्भनलिकांपर्यंत चढू शकतो. मग कधी कधी मूल होत नाही आणि वांझ ती ठरते! मेडिकलवरून दोन गोळ्या आणून भागत नाही. परम्यावर पूर्वी हमखास चालणारं सिप्रोफ्लॉक्सासिन आता बहुतेकदा चालत नाही.

गरमी म्हणजे सिफिलिस याहून फसवा. त्याची जखम दुखत नाही, तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरते. जंतू मात्र अंगात राहतो आणि गरोदरपणात बाळापर्यंत पोचतो. सुरुवातीलाच रक्ततपासणीत सापडला, तर बहुधा पेनिसिलिनच्या एका लांब पल्ल्याच्या इंजेक्शनने काम होतं.

सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये औषधं मोफत मिळतात, लक्षणानुसार रंगीत पाकिटांत: पुरुषाच्या स्रावाला करडं, योनिस्रावाला हिरवं. परमा किंवा सिफिलिस निघाला तर जोडीदारालाही तपासून औषध द्यावं लागतं, त्याला काही त्रास नसला तरी; एकटीने घेतलं तर पुन्हा तेच होऊ शकतं. दवाखान्यात जायला संकोच वाटत असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे, नाव सांगावं लागत नाही.