औषध हवे, पहाराही हवा

स्किझोफ्रेनिया ही भूतबाधा नव्हे. तो मेंदूचा विकार आहे आणि त्यावर औषध आहे. इतर औषधांनी गुण न येणाऱ्यांना ‘क्लोझापिन’ हा मोठा आधार ठरतो. १९७५ साली फिनलंडमध्ये पांढऱ्या रक्तपेशी घटून आठ रुग्ण दगावले आणि अनेक देशांनी ते मागे घेतले. पुढे १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत, अशा हट्टी विकाराच्या शंभरातील तीस रुग्णांना त्याने उतार पडला. जुन्या औषधाने केवळ चौघांना. ते परतले, पण रक्ततपासणीची अट घेऊन. सुरुवातीस ती दर आठवड्याला करावी लागते.

ताप आला वा घसा दुखला, तर तत्काळ रक्त तपासावे. तीव्र बद्धकोष्ठही जिवावर बेतू शकतो; वजन आणि साखर वाढू शकते. म्हणून गोळी परस्पर बंद करणे मात्र तितकेच घातक. विकार उसळून येतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचाराचा हक्क दिला आहे. पेडणे-काणकोणच्या रुग्णाला केवळ रक्त तपासण्यासाठी रोजगार बुडवून बांबोळी गाठावी लागणार असेल, तर तो हक्क कागदावरच राहील. तपासणी तालुक्यातच झाली पाहिजे, हीच आमची सरकारकडे मागणी आहे.