द्विपंखी विमानाचे छायाचित्र

विमानविद्येच्या इतिहासात बंगळूरचे स्थान जुने आहे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या साह्याने येथे विमानांचा कारखाना उभारला. शहराच्या उत्तरेस येलहंका येथे वायुदलाचा तळ असून विमानांची मोठी प्रदर्शने तेथेच भरतात. २०१५ च्या प्रदर्शनात आधुनिक जेट विमानांबरोबर ब्रिटनहून आलेली ‘स्टिअरमन’ जातीची द्विपंखी विमानेही उडाली. मूळची ही अमेरिकन बनावट, १९३० नंतरच्या दशकातली, नवशिक्या वैमानिकांसाठी केलेली.

जेट विमान टिपावयाचे तर कॅमेऱ्याचे शटर जितके जलद तितके बरे, असा सर्वसाधारण समज आहे. द्विपंखी विमानाच्या बाबतीत मात्र हाच समज घात करतो. त्याचा प्रॉपेलर मिनिटाला सुमारे २,००० फेरे घेतो, असे धरू. सेकंदाच्या हजाराव्या भागात त्याचे पाते केवळ १२ अंश सरकते. चित्रात ते जागच्या जागी थिजलेले दिसते आणि विमान जणू दोरीने आकाशात टांगलेले भासते. शटर सेकंदाच्या साठाव्या भागाइतके उघडे ठेवले, तर पाते अर्ध्या फेऱ्याहून अधिक फिरते. दोन पात्यांचे मिळून तलम वर्तुळ उमटते आणि विमान उडत असल्याची साक्ष पटते.

परंतु तेवढ्याच अवधीत ताशी १५० किलोमीटर वेगाने जाणारे विमान स्वतःही सुमारे ७० सेंटिमीटर पुढे जाते. म्हणून छायाचित्रकाराने पाय रोवून, कमरेपासून वळत, विमानाबरोबर कॅमेरा फिरवीत राहावे लागते. कळ दाबल्यावरही हात थांबवून चालत नाही. बरीच चित्रे वाया जातात, हे गृहीत धरलेलेच बरे. मोबाइलच्या कॅमेऱ्याची अडचण निराळी. तो चित्र एकदम न घेता ओळीओळीने टिपतो. त्यामुळे सरळ पाती कोयत्यासारखी वाकडी दिसतात.

उजेडाचाही विचार हवा. माध्यान्ही वरच्या पंखाची सावली खालच्या पंखावर आणि वैमानिकाच्या उघड्या बैठकीवर पडते. सकाळचे तिरपे ऊन दोन्ही पंखांमधील खांब, तारा आणि कापडी आच्छादनाचे शिवण उजळते.

हे सारे केवळ हौसेपुरते नाही. भारतीय वायुदलाचे ब्रिटनमध्ये दुरुस्त केलेले एक ‘टायगर मॉथ’ ८ ऑक्टोबर २०१२ रोजी हिंडन येथे पुन्हा आकाशात झेपावले. अशा यंत्राचा जीर्णोद्धार करताना रंग कोणता होता, क्रमांक कोठे होता, तार कशी ओवलेली होती, या प्रश्नांना जुनी छायाचित्रे उत्तर देतात. तेव्हा तेलाचा डाग किंवा कापडावरील ठिगळ चित्रातून पुसून टाकणारा छायाचित्रकार चित्र सुंदर करतो खरा. पण पुढच्या कारागिराच्या हातातला पुरावा तो काढून घेतो.