आजी-आजोबांचा फोटो आधी काढा

तुळशीचे लग्न लागले आणि मुहूर्तांना सुरुवात झाली की माझ्या दवाखान्यात दरवर्षी एक ठराविक मागणी येऊ लागते. ‘डॉक्टर, नातीचे लग्न आहे. तेवढे दोन दिवस मला उभे ठेवा.’ मागणी साधी वाटते. परंतु साखरपुड्यापासून पाठवणीपर्यंतचा वेळ बारकाईने पाहिला, तर ज्येष्ठ माणसाला खरोखर सर्वांत अधिक उभे राहावे लागते ते फोटोसाठी. विधीला बसता येते, जेवायला खुर्ची मिळते. फोटोसाठी मात्र स्टेजच्या पायऱ्या चढायच्या, रांगेत थांबायचे, प्रखर दिव्यांसमोर उभे राहायचे आणि ‘आजोबा, इकडे बघा, जरा हसा’ हे चार वेळा ऐकायचे. एवढे सोसूनही अल्बममध्ये आजोबांचा चेहरा थकलेला, चष्म्यात दोन पांढरे ठिपके आणि नजर भलतीकडेच.

वैद्यकीय दृष्टीने जी व्यवस्था ज्येष्ठांच्या हिताची आहे, तीच चांगल्या छायाचित्रासाठीही आवश्यक असते, असे मला वारंवार आढळले आहे. पोटात अन्न, बसायला खुर्ची, डोळ्यांना न बोचणारा प्रकाश आणि दिवसाची योग्य वेळ एवढे साधले, तर माणूसही सुखरूप राहतो आणि फोटोही उत्तम येतो.

आपल्यापैकी ज्यांची लग्ने कृष्णधवल फोटोंच्या काळात झाली, त्यांना चौकोनी फोटो देणारा तो मोठा रोल आठवत असेल. एका रोलमध्ये अवघे १२ फोटो. त्यामुळे कोणाचा फोटो घ्यायचा, हे आधी ठरवावे लागे आणि त्या यादीत घरातील वडीलधारी मंडळी असतच. आज एका लग्नात हजारो फोटो निघतात; यादी मात्र कोणी करीत नाही. वधूच्या मेंदीचे साठ फोटो असतात आणि आजीचा एकही धड नसतो.

याचे परिणाम मी एका वेगळ्याच प्रसंगी पाहतो. घरी मृत्यू झाला की दाखला देण्यासाठी कुटुंबाच्या डॉक्टरांना बोलावले जाते. मी कागद लिहीत असतो, तेव्हा शेजारच्या खोलीत मुले आणि नातवंडे मोबाइलमध्ये फोटो शोधत असतात. भिंतीवर लावण्याजोगा एखादा तरी फोटो हवा असतो. पुष्कळदा जो सापडतो तो कुठल्याशा लग्नाच्या समूहचित्रातून कापलेला, खांद्यावर दुसऱ्याच कोणाचा हात असलेला. नाहीतर आधार कार्डावरचा. ज्येष्ठ वाचकांनी हे वाचून मन खट्टू करून घेऊ नये. ‘माझा एक चांगला फोटो असू दे’ असे माझ्या कितीतरी वृद्ध रुग्णांनी मला निःसंकोचपणे सांगितले आहे. घरच्यांना सांगताना मात्र ते संकोचतात. तेव्हा ही गोष्ट घरच्यांनीच ओळखून करावी.

वेळ कोणती निवडावी

मुहूर्त दुपारी साडेबाराचा असेल तर ज्येष्ठांचे फोटो सकाळी, नाश्ता झाल्यावर आणि पाहुण्यांची गर्दी होण्यापूर्वी उरकावेत. संध्याकाळचा गोरज मुहूर्त असेल तर दुपारच्या विश्रांतीनंतर. छायाचित्रकाराला आठवडाभर आधीच सांगून ठेवावे, की पहिली वीस मिनिटे आजी-आजोबांची. वधू-वरांची तयारी लांबते, ही सबब ऐकू नये. आजोबांचा आजीसह, मुलांसह, एकट्याचा असे फोटो तोवर घेता येतात. वधू-वर सजून आले की त्यांनी आजोबांच्या खुर्चीपाशी यावे. आजोबांनी स्टेजवर जाण्याची गरजच काय?

मधुमेहींसाठी वेळेचा हा प्रश्न जिवाशी निगडित आहे. नेहमीच्या सवयीने बारा वाजता ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतले जाते. मग मंगलाष्टके लांबतात, फोटोंची रांग लांबते आणि पान वाढेपर्यंत अडीच वाजतात. मधल्या काळात रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरू शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, चिडचिड होणे, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळी चालू असल्यास थरथर जाणवतही नाही, केवळ घाम येतो, आणि मांडवातल्या उकाड्यात त्या घामाकडे कोणाचे लक्ष जात नाही. जेवणापूर्वीचे इन्सुलिन पान समोर आल्याशिवाय घेऊ नये. लग्नघरातील एका जबाबदार व्यक्तीच्या पिशवीत साखर असावी. अशी लक्षणे दिसताच, माणूस शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि मगच पुढचे काही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. तातडीने रुग्णालयात न्यावे.

आणखी एक नेहमीचा प्रकार म्हणजे लघवी होण्याची गोळी त्या दिवशी परस्पर बंद करणे आणि पाणीही न पिणे. भरजरी वस्त्रे, दूरचे स्वच्छतागृह, सोबतीला कोणी नाही, ही अडचण खरी आहे. पण हृदयविकाराच्या रुग्णाने अशी गोळी बंद केली तर रात्री दम लागू शकतो. गोळीची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. स्वच्छतागृहापर्यंत सोबत कोणी जायचे, हेही घरात ठरवून ठेवावे. लग्नात मानपान ठरतात, मग हे ठरवायला काय हरकत आहे?

बसावे कसे, उभे राहावे कसे

बराच वेळ निश्चल उभे राहिले की रक्त पायांत साचते. पोटऱ्यांचे स्नायू हलत नसल्याने ते वर ढकलले जात नाही आणि भोवळ येते. बसलेल्या माणसाने एकदम उठल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर त्याला आम्ही दोष मानतो. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी तो अधिक संभवतो, जेवणानंतर तर आणखीच. म्हणून फोटोसाठी बोलावणे आले की चटकन उठू नये. बसल्या जागी पावले वरखाली हलवावीत, आधार घेऊन उठावे, दोन क्षण थांबावे, मग चालावे. रांगेत उभे राहणे टळतच नसेल तर टाचा अधूनमधून उचलाव्यात.

सर्वांत उत्तम म्हणजे बसणे. हात टेकता येतील अशी, सरळ पाठीची, फार खोल नसलेली खुर्ची असावी. स्टेजवरच्या त्या गुबगुबीत सोफ्यात वृद्ध माणूस रुततो, पोक अधिक दिसते, हनुवटी छातीला टेकते आणि उठताना दोघांनी ओढावे लागते. पाठीमागे छोटी उशी दिली तर कणा सरळ राहतो. कॅमेरा बसलेल्या व्यक्तीच्या डोळ्यांच्या पातळीवर असावा. उभ्याने वरून घेतलेल्या फोटोत वाकलेला माणूस आणखीच खुजा दिसतो. चाकाची खुर्ची असेल तर ती रांगेच्या टोकाला लावू नये. टोकाची माणसे मोबाइलच्या रुंद भिंगातून ताणल्यासारखी दिसतात, शिवाय ती कडेला टाकल्यासारखीही वाटतात. खुर्ची मध्ये ठेवावी, शेजारी दोघा-तिघांनी बसावे. मोबाइलने फोटो काढणाऱ्याने चार पावले मागे जाऊन दुपटीच्या झूमवर काढावा. चेहऱ्याचे प्रमाण नीट येते.

काठी आणि वॉकर याविषयी थोडे आग्रहाने लिहितो. ‘फोटोत बरी दिसत नाही’ म्हणून काठी काढून घेतली जाते आणि नेमक्या त्याच दोन मिनिटांत तोल जातो. स्टेजच्या पायऱ्यांना बहुधा कठडा नसतो, गालिच्याची कड उचललेली असते, खाली वायरी पसरलेल्या असतात, वर फुलांच्या पाकळ्यांनी जमीन निसरडी झालेली असते. या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे शस्त्रक्रिया आणि महिनोन्‌महिने परावलंबन. काठी हातात राहू द्यावी. ज्या माणसाला घरातील सगळे काठीसह ओळखतात, त्याचा काठीसह फोटो हाच खरा फोटो. गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा बदललेल्यांनी पाटावर बसण्याचा हट्ट धरू नये. विधीसाठी खुर्ची मागावी. गुरुजी आनंदाने देतात.

नमस्काराच्या फोटोबद्दलही हेच. वधू-वर वाकतात, छायाचित्रकाराला तो क्षण पुरेसा वाटत नाही, म्हणून ‘पुन्हा एकदा’ होते, आणि प्रत्येक वेळी आजी त्यांना उचलण्यासाठी पुढे वाकतात. कंबरेचे दुखणे असलेल्यांनी बसूनच आशीर्वाद द्यावा. खांदा आखडला असेल तर डोक्यावर हात न ठेवता नातवंडांचे हात हातात घ्यावेत. फोटोही अधिक जिवंत येतो.

डोळे, कान आणि चेहरा

फ्लॅशमुळे डोळ्यांना इजा होईल का, असे पुष्कळजण विचारतात. फोटोच्या नेहमीच्या फ्लॅशने डोळा बिघडत नाही. मोतीबिंदू असल्यास प्रकाश डोळ्यात विखुरतो आणि काही क्षण काहीच दिसेनासे होते. अशा वेळी पायरी उतरू नये, एवढेच. मोतीबिंदू काढून भिंग बसवलेल्या डोळ्यात फोटोत कधी कधी चमक दिसते. ती कृत्रिम भिंगावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाची असते, घाबरण्याचे कारण नाही. शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर होमाचा धूर, धूळ आणि उधळलेल्या अक्षता यांपासून मात्र डोळा जपावा.

चष्म्यातील पांढरे ठिपके टाळण्याची युक्ती सोपी आहे. कानावरच्या काड्या किंचित वर उचलल्या की काचा थोड्या खाली झुकतात आणि प्रकाश कॅमेऱ्यात परतत नाही. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर अंगणातून आत आल्यावर काही मिनिटे थांबावे, नाहीतर डोळे दिसतच नाहीत. खरे तर फ्लॅशची गरजच पडू नये. मंगल कार्यालयात मोठी खिडकी बहुधा असतेच. तिच्याकडे तिरपे तोंड करून आजींना बसवावे. सकाळचा तो मऊ प्रकाश सुरकुत्यांना न खोडता सौम्य करतो. खिडकी किंवा रोषणाईची भिंत पाठीमागे आली की चेहरा काळवंडतो. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवले तर उजेड चेहऱ्याप्रमाणे जुळतो.

ऐकू कमी येणाऱ्यांची वेगळीच अडचण. छायाचित्रकाराचे तोंड कॅमेऱ्यामागे झाकलेले. ओठही दिसत नाहीत आणि वाद्यांच्या गजरात शब्दही पोहोचत नाहीत. मग आजोबा गोंधळून इकडेतिकडे पाहतात आणि लोक त्यांना ‘लक्ष नाही’ म्हणतात. आवडत्या नातवाने कॅमेऱ्याच्या शेजारी उभे राहून हाताने खूण करावी. कवळी सैल झाली असेल तर लग्नाच्या काही आठवडे आधीच दंतवैद्याकडे जावे. कवळीवाचून ओठ आत जातात आणि माणूस स्वतःच हसायचे टाळतो.

कंपवाताच्या रुग्णांबाबत घरच्यांचा मोठा गैरसमज होतो. या आजारात चेहऱ्याचे स्नायू ताठरतात आणि हावभाव उमटत नाहीत. माणूस रागावल्यासारखा, अलिप्त दिसतो. चेहरा कोरा असतो, मन कोरे नसते. त्यांना ‘हसा, हसा’ म्हणणे हा छळ आहे. लेव्होडोपाच्या गोळीचा परिणाम साधारण अर्ध्या ते एक तासात जाणवू लागतो. हालचाल सर्वांत मोकळी असते ती वेळ घरच्यांना ठाऊक असते, तेव्हाच फोटो घ्यावा. अर्धांगवायूने एक बाजू ओढली गेली असेल तर चांगल्या बाजूने, तिरप्या कोनातून. आणि चेहऱ्यावर काही उमटतच नसेल तर हातांचा फोटो घ्यावा. मंगलाष्टकांच्या वेळी अक्षता धरलेला सुरकुतलेला हात पुष्कळ बोलतो.

स्मृतिभ्रंश असलेल्यांना संध्याकाळी गोंधळ वाढण्याची प्रवृत्ती असते. त्यांचे फोटो सकाळी, ओळखीच्या खोलीत, दोनच माणसांबरोबर घ्यावेत. ‘ही कोण सांग बरं?’ अशी परीक्षा सर्वांसमोर घेऊ नये. स्टेजवर सोडला जाणारा कृत्रिम धूर दमेकऱ्यांसाठी त्रासदायक ठरतो. वधू-वरांची हौस असेलच तर आजोबा खाली उतरल्यावर तो सोडावा, आणि इनहेलर खिशात असावा.

आता एक गोष्ट, जी औषधांच्या चिठ्ठीत बसत नाही. हळदीच्या, औक्षणाच्या फोटोची वेळ आली की घरातील विधवा आजी आपण होऊन मागे सरकतात. कोणी हाकलत नाही. कोणी बोलावतही नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि पाठोपाठ राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. आपल्या घरात ठराव नको, एक खुर्ची पुरे. वधूने स्वतः हाताला धरून आजीला त्या खुर्चीवर बसवावे. अशा आजी नंतर दवाखान्यात येतात, तेव्हा रक्तदाब मोजायच्या आधी तो फोटो काढून दाखवतात.

फोटो मोबाइलमध्येच पडून राहू देऊ नयेत. दृष्टी मंद झालेल्यांसाठी आठ बाय बारा इंचांची, चकाकी नसलेल्या कागदावरची प्रत काढावी; चकचकीत कागदावर दिव्याचा प्रकाश पडून चेहरे दिसेनासे होतात. विसराळूपणा सुरू झालेल्यांच्या प्रतीमागे प्रत्येकाचे नाव, नाते आणि दिनांक ठळक अक्षरांत लिहावा. आम्हा डॉक्टरांनाही अशा दिनांक असलेल्या फोटोंचा उपयोग होतो: पापणी कधीपासून खाली आली, चेहऱ्याची एक बाजू आधीही अशीच होती का, हे जुन्या फोटोवरून पाहता येते. तपासणीला येताना तो अवश्य सोबत आणावा.