बडोद्याच्या नर्तकी आणि नाटकाचं बंद दार

नाच येणारी बाई पुढे नटी होते, मग दिग्दर्शनही करते, यात आज आपल्याला नवल वाटत नाही. बडोद्यात मात्र हा रस्ता फार उशिरा खुला झाला.

१८८० मध्ये तंजावरच्या लक्ष्मीबाई मोहिते सयाजीराव महाराजांच्या राणी झाल्या. ह्याच पहिल्या चिमणाबाई. त्यांच्या पाठोपाठ तंजावरचा नाच दरबारात आला. गौरा आणि कांतिमती या त्यातल्या नामवंत नर्तकी. नेमणूक ‘कलावंत कारखान्या’त, पगार सरकारी. गाण्यातला भाव चेहऱ्यानं नि हातांनी दाखवायचा, हा त्यांच्या नाचाचाच भाग. म्हणजे अभिनयाची तयारी होतीच.

पण नाटकात जागा नव्हती. महाराजांचा आश्रय लाभलेल्या गंधर्व मंडळीत नायिका कोण? तर बालगंधर्व! अडचण कलेची नव्हती, प्रतिष्ठेची होती. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनाही १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी बाई मिळाली नाही, तारामती झाले अण्णा साळुंके. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये कमलाबाई गोखले मोहिनी झाल्या, तेव्हा दार किलकिलं झालं.

कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर पुढे इथल्या विद्यापीठात नृत्य शिकवू लागले. तिथे नृत्य आणि नाट्य एकाच विद्याशाखेत आहेत. १९३४ मध्ये बडोद्यातच जन्मलेल्या विजया मेहता नर्तकी नव्हेत. पण रंगभूमीवरून ‘रावसाहेब’च्या (१९८६) दिग्दर्शनापर्यंत पोचल्या.

म्हणून गौरा-कांतिमतींची नोंद नुसती ‘दरबारी नाच’ या सदरात नको. अभिनेत्रींच्या इतिहासातही ती घ्यायला हवी.