पानवलचा पूल

रत्नागिरीत रेल्वेचा वारसा दाखवा म्हटलं, तर चौथऱ्यावर मांडलेलं वाफेचं इंजिन नाही की ब्रिटिश अमदानीतलं दगडी स्टेशन नाही. बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ साली धावली. रत्नागिरीकर मात्र त्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या बोटीनं, मग एसटीनं मुंबई गाठत राहिले. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला तो १९९८ साली.

तरीही वारसा आहे. रत्नागिरीहून निवसरकडे निघालं की गाडी पानवलच्या दरीवर येते. पूल ४२४ मीटर लांब, ६४ मीटर उंच. बांधला तेव्हा देशातला सर्वांत उंच रेल्वेपूल. आज चिनाब नदीवरचा रेल्वेपूल ३५९ मीटरवर आहे, म्हणजे तो मान गेला. पण पानवलचं खरं मोल उंचीत नव्हतंच.

इतक्या खोल दरीत तळापासून परांची उभारणं अवघड. म्हणून पुलाचा काँक्रीटचा पाट दरीच्या काठावरच तुकड्यातुकड्यानं ओतला. तुकडा पक्का झाला की जॅकनं सगळा पाट पुढे ढकलायचा, मागे पुढचा तुकडा ओतायचा. पुढच्या टोकाला पोलादी नाक, म्हणजे पाट अधांतरी असताना पुढचा खांब लवकर गाठता यावा. खांबांच्या माथ्यावरून तो पाट सरकत सरकत पलीकडे पोचला. भारतात ही रीत प्रथम इथे वापरली गेली. गाडीतून मात्र यातलं काहीच दिसत नाही. खिडकीतल्या माणसाला फक्त दरी दिसते.

वापर थांबला की काय हरवतं, याचं बार्शी लाइट रेल्वेचं उदाहरण समोर आहे. १८९७ साली सुरू झालेली ही अडीच फुटी लाइन. मार्ग ब्रॉडगेज झाला, त्यात प्रवाशांची सोयच झाली. पण छोटी गाडी गेली आणि तिच्याबरोबर ती चालवण्याची विद्याही. स्टेशनाबाहेर रंगवून ठेवलेलं इंजिन फोटोपुरतं ठीक, ते कसं चालायचं हे ते सांगत नाही.

पानवलला तो धोका इतक्यात नाही. डिझेलच्या गाड्यांसाठी बांधलेल्या मार्गावर २०२२पासून विजेची इंजिनंही धावतात आणि पूल तोच आहे. वापरात राहणं हेच त्याचं जतन. विसरली जाईल ती बांधण्याची हकिगत, कारण तेव्हाचे तरुण कामगार, मुकादम, इंजिनिअर आता उतारवयाला लागले आहेत. आपल्या घरात, वाडीत त्यांतलं कुणी असेल तर त्यांना बोलतं करा, मोबाइलवर रेकॉर्ड करा. आणि ट्रंकेत त्या कामाचे जुने फोटो असतील तर मागे तारीख आणि नावं लिहून ठेवा.