मंडपवाल्या मामाचा एक्झिट पोल

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवाराचं वजन त्याने जमवलेल्या डॉलर्सवरून ठरतं. आणि आपल्या मावळात? इथे सगळा हिशोब ॲडव्हान्सवर चालतो!

माझा मामा कामशेतला असतो. मंडप, खुर्च्या, साउंड सिस्टीम हा त्याचा धंदा. लग्नसराई, गणपती, हरिनाम सप्ताह असं वर्ष निघतं, आणि दर काही वर्षांनी येतो बंपर सीझन, म्हणजे इलेक्शन. टीव्हीवर एक्झिट पोलवाले घसा कोरडा करत असतात तेव्हा आमच्या घरचे सगळे मामाला फोन लावतात. मामाचा फंडा एकदम सिंपल. ‘‘पहिल्या सभेचा ॲडव्हान्स कोण न मागता देतो ते बघायचं. ज्याच्याकडे पैसा येतोय, त्याच्याकडे वारं आहे.’’

मास कॉमला असताना मला हे अगदीच गावठी लॉजिक वाटायचं. मग अमेरिकेतल्या निवडणुका फॉलो करायला लागले आणि लक्षात आलं, अरे, मामा जे कामशेतमध्ये करतो तेच तिकडचे पत्रकार वॉशिंग्टनमध्ये करतात!

डॉलरचा ताप मोजणं

तिकडे मतदानाच्या कितीतरी महिने आधीपासून उमेदवारांना निधीचा हिशोब फेडरल इलेक्शन कमिशनकडे ठरावीक मुदतीत द्यावा लागतो. एखाद्याने एकूण २०० डॉलरच्या वर देणगी दिली की त्याचं नाव, व्यवसाय आणि नोकरी कुठे करतो हे सगळं जाहीर होतं. २०२४ मध्ये एका माणसाला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी जास्तीत जास्त ३,३०० डॉलर देता येत होते. म्हणजे थोड्या लोकांकडून मोठे चेक आलेत की पुष्कळ लोकांकडून छोट्या रकमा, हे बाहेरून वाचता येतं. बराक ओबामांनी २००८ मध्ये जवळपास ७५ कोटी डॉलर उभे केले. त्यात छोट्या देणगीदारांची संख्या बघूनच अनेकांना त्यांच्या लाटेचा अंदाज आला होता.

पण हा थर्मामीटर चुकतोही बरं का! जुलै २०२४ मध्ये जो बायडेन बाजूला झाले आणि कमला हॅरिस यांच्या प्रचारासाठी २४ तासांत ८ कोटी १० लाख डॉलर जमले. नोव्हेंबरमध्ये त्या हरल्या. २०२० मध्ये मायकेल ब्लूमबर्ग यांनी स्वतःच्या खिशातले सुमारे १०० कोटी डॉलर खर्च केले आणि प्रायमरीत जिंकलं काय? अमेरिकन सामोआ नावाचा एक बेटसमूह!

यात आपला मराठी माणूसही आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी पक्षाची उमेदवारी मागायला उतरले. पैसा प्रामुख्याने स्वतःचा, जाहिराती भरपूर, आणि नंबर तिसरा. पुढे २०२० मध्ये ते राज्याच्या सभागृहात आणि २०२२ मध्ये थेट अमेरिकी काँग्रेसमध्ये निवडून आले. स्वतःचा पैसा उमेदवाराला लोकांच्या नजरेत आणतो. लोक त्याच्या मागे आहेत का, हे मात्र त्या पैशावरून कळत नाही.

माणशी चार रुपयेसुद्धा नाहीत

आता येऊ घरी. तुम्ही वाकड, रावेत किंवा पिंपळे सौदागरला राहत असाल तर स्वतःला पुणेकर म्हणवत असाल, पण तुमचा खासदार मावळचा! २००८ च्या पुनर्रचनेत तयार झालेला हा लोकसभा मतदारसंघ अजबच आहे. घाटाच्या वर पिंपरी, चिंचवड आणि मावळ, घाटाखाली कर्जत, पनवेल आणि उरण. उमेदवाराला सकाळी आयटीवाल्यांच्या सोसायटीत हात जोडायचे असतात, दुपारी लोणावळ्यात चिक्कीवाल्यांना भेटायचं असतं आणि संध्याकाळी उरणच्या कोळीवाड्यात जायचं असतं.

२०२४ मध्ये इथे पंचवीस लाखांहून जास्त मतदार होते आणि लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा होती ९५ लाख. करा भागाकार. एका मतदारामागे चार रुपयेसुद्धा येत नाहीत. लोणावळा स्टेशनवर एवढ्यात कटिंगही मिळणार नाही! ही मर्यादा उमेदवाराला असते, पक्षाला नाही. गोपीनाथ मुंडे २०१३ मध्ये मुंबईतल्या एका कार्यक्रमात बोलून गेले होते की २००९ च्या निवडणुकीत त्यांचे ८ कोटी खर्च झाले. तेव्हा मर्यादा होती २५ लाख. आयोगाची नोटीस आली, गाजावाजा झाला. पण सगळ्यांना माहीत असलेलं कुणीतरी मोठ्याने बोललं, एवढीच त्यातली बातमी होती.

पैसा आणि नाव हे विजयाची गॅरंटी नाही, हे मावळनेही दाखवलंय. २०१९ मध्ये पवार घराण्यातले पार्थ पवार इथे उभे राहिले. श्रीरंग बारणे यांनी त्यांना दोन लाखांहून जास्त मतांनी हरवलं.

दोन बिलं

मामाचा एक्झिट पोलही एकदा सपशेल पडला. कुठली निवडणूक आणि कोण उमेदवार ते सोडून द्या. ॲडव्हान्स झक्कास मिळाला होता. मामा खुशीत. एकामागून एक सभा, कोपरा सभा, कार्यकर्त्यांची जेवणं. उरलेलं ‘निकालानंतर बघू’. निकाल लागला, साहेब पडले आणि फोन बंद!

दोन लाखांच्या आसपास थकले. त्याच वर्षी मामेबहिणीची इंजिनिअरिंगची ॲडमिशन होती. मामीच्या पाटल्या गहाण पडल्या, तेव्हा कुठे फी भरली गेली.

मी तावातावाने म्हणाले, ‘‘मामा, केस कर ना!’’

मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘कशावर करू? मी सही करून दिलेलं बिल दोनशे खुर्च्यांचं आहे. गेल्या होत्या दोन हजार. कोर्टात जाऊन काय सांगू, खोटं बिल मीच दिलं म्हणून?’’

मला चटकन उत्तर सुचलं नाही. उमेदवाराने खर्च लपवला की लोकशाहीचं नुकसान होतं, हे मी परीक्षेत दहा मार्कांसाठी लिहून आले होते. ते नुकसान मामीच्या हातावर दिसेल असं कधी वाटलं नव्हतं.

नियम तसे कडक आहेत. उमेदवाराला प्रचारासाठी वेगळं बँक खातं लागतं. रोज नोंदवही लिहावी लागते. चहा, खुर्ची, गाडी अशा प्रत्येक गोष्टीचा दर जिल्हा प्रशासन ठरवून देतं. निवडणूक यंत्रणा स्वतःची वेगळी नोंदवही ठेवते आणि दोन्ही ताडून बघते. निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशोब द्यावा लागतो. तो दिला नाही तर तीन वर्षं अपात्र ठरवता येतं. पण सगळा भर पैसा कुठे गेला यावर! तो कुठून आला, हा प्रश्न मागच्या बाकावर. पक्षांसाठी तर २०१८ पासून निवडणूक रोखे होते, ज्यात देणाऱ्याचं नाव मतदाराला कळतच नव्हतं. १५ फेब्रुवारी २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या घटनापीठाने ते रद्द केले, तेव्हा मुद्दा हाच होता की पक्षाला पैसा कोण देतं, हे जाणून घेणं मतदाराचा हक्क आहे.

आणि मावळात तर हा प्रश्न जास्तच टोचतो. एक्स्प्रेस वे आला, तळेगावला एमआयडीसी झाली, लोणावळ्यात डोंगर चढत बंगले गेले. आमदार, खासदाराच्या एका शब्दाने एखाद्या जमिनीचं नशीब पालटू शकतं. अशा ठिकाणी ज्याने प्रचाराला पैसा दिला, तो नंतर काय मागेल? जी उधारी आपल्याला दिसत नाही, ती फेडताना तरी कशी दिसणार?

एक नोट, एक वोट

दुसरा रस्ता नाहीच असं नाही. कोल्हापूरकडे राजू शेट्टींनी शेतकऱ्यांकडून वर्गणी काढून निवडणुका लढवल्या. ‘एक वोट, एक नोट’ म्हणत २००९ आणि २०१४ मध्ये ते लोकसभेत गेले. २०१९ मध्ये कन्हैया कुमार यांनी बेगुसरायसाठी ऑनलाइन वर्गणीतून ७० लाख उभे केले, म्हणजे तेव्हाची पूर्ण मर्यादा. पण ते हरले आणि २०१९ ला शेट्टीही हरले. वर्गणीवर सीट मिळतेच असं नाही, पण कुणाचे उपकार घेतले ते तरी लपत नाही.

मामाने आता एकच बिल द्यायचं ठरवलंय. ‘‘जेवढ्या खुर्च्या, तेवढ्याचं बिल. पटलं तर घ्या.’’ गेल्या सीझनला या नादात त्याच्या दोन मोठ्या ऑर्डर गेल्या. एक अपक्ष पोरगा मात्र पन्नास खुर्च्यांसाठी चेक घेऊन आला होता. डिपॉझिट गेलं त्याचं. ‘‘पण सगळ्यात आधी क्लिअर झालेला चेक त्याचाच,’’ मामा हसत म्हणाला. मग एकदम माझ्याकडे वळला. ‘‘तू एवढं लिहितेस, कधी कुणा उमेदवाराला शंभर रुपये दिलेस का गं?’’

मी गप्प. वीकेंडला लोणावळ्याच्या एका ट्रिपमध्ये मी हजार-दीड हजार सहज उडवते. उमेदवाराला मात्र आजवर फुकटचे सल्लेच दिलेत.

एक माहिती देऊन थांबते. उमेदवाराने सादर केलेला खर्चाचा हिशोब बघण्याची नियमातली फी आहे एक रुपया. फक्त एक! पुढच्या निकालानंतर मी तो रुपया भरून बघणार आहे, आमच्या उमेदवाराच्या हिशोबात खुर्च्या किती लिहिल्यात ते. मोजायला मामा आहेच.