ढगाखाली गेलेलं विमान

2015 च्या पावसाळ्यात आमच्या तेर गावात विमानाची घरघर ऐकू आली की माणसं अंगणात यायची. तेरणा नदीचं पात्र उघडं पडलं होतं, सोयाबीन माना टाकत होतं आणि औरंगाबादहून पाऊस पाडायला विमान उडतंय, असं पेपरात रोज येत होतं. वरचं विमान मुंबईचं की हैदराबादचं, हे कोण बघतो? सगळ्यांच्या माना वर.

'कृत्रिम पाऊस' हा शब्दच आपल्याला नडला. राज्यात 2003 मध्येही असा प्रयोग झाला होता, तेव्हापासून तो तोंडी बसलेला. पण पाऊस ढगाचाच असतो. ढग नसेल तर विमान तळावरच उभं.

हे नीट उमगलं ते सोलापूरच्या प्रयोगामुळे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात तिथं विमानं आणली. सोलापूर इथून शंभर किलोमीटरच्या आतच. सह्याद्रीच्या आडोशाची कोरडी हवा त्यांची नि आमची एकच.

एरवी वैमानिक वादळी ढगाला लांबून वळसा घालतो. आत हवा एकीकडे वर उसळते, शेजारीच खाली कोसळते. शून्याखाली जाऊनही न गोठलेलं पाणी पंखावर आदळताच बर्फ होतं, पंखाचा आकार बिघडतो, उचल घटते. सोलापूरच्या प्रयोगातल्या वैमानिकाला मात्र वाढता ढग गाठायचाच होता. रडारवर तो हेरायचा, त्याच्या सपाट तळाखाली शिरायचं आणि विमान आपोआप वर ढकललं जातंय अशी जागा शोधायची. ती सापडली की पंखाला लावलेली नळकांडी पेटवायची. कॅल्शियम क्लोराइडचे बारीक कण त्या वर चढणाऱ्या हवेबरोबर ढगात जातात, बाष्प ओढतात, थेंब मोठे होतात. दुसरं विमान ढगातल्या थेंबांची मोजदाद करायचं.

276 ढग निवडले होते. काहींत हे कण पेरले, काही मुद्दाम तसेच सोडले. 2023 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: वाऱ्याच्या दिशेच्या 100 चौरस किलोमीटरमध्ये सरासरी 18 टक्के जास्त पाऊस. मला हा आकडा मोलाचा वाटतो. दुष्काळ हटवण्याएवढा तो नाही, पण तो मोजून मिळालेला आहे.

आता आषाढात ढग आला की मी आधी त्याचा तळ बघतो. सपाट, काळा आहे का? वरचा फुलोरा अजून चढतोय का?